घरनो हिरो

दिवाळीनंतर कारखाना उघडला, तो अर्धाच. सुरतेजवळच्या कामरेजच्या त्या गल्लीत एरवी घंट्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येई, आता तिथे चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता. घंटी म्हणजे हिरे घासायचं फिरतं चाक. भोवती चौघांनी बसायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि मान मोडेस्तोवर दगड घासत राहायचा. योगराजच्या घंटीवर आता दोघेच उरले होते. बाकीचे कुठे गेले, कोणी विचारलं नाही. मंदीत माणूस दुसऱ्याची चौकशी करत नाही, आपल्यावर येईल म्हणून.

योगराज मूळचा शिरपूरकडचा. त्याचा बाप धुडकू ऊसतोडीला चलथाणच्या साखर कारखान्यावर यायचा. दर साली येता येता एका साली परत जायचं राहून गेलं. बापाच्या हातातला कोयता आपल्या हातात येऊ नये म्हणून योगराज पोरसवदा असताना हिऱ्यात शिरला. हात बारीक कामाला बसला, त्यामुळे घर चाललं. कारखान्याचा एक रिवाज मात्र त्याच्या अंगात फार खोल गेला. संध्याकाळी दारातून बाहेर पडताना खिसे उलटे करायचे आणि शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरून झटकायची. हिरा इतका लहान, कपड्याच्या घडीत कधी अडकेल सांगता येत नाही. ही सवय अशी लागली, की मेव्हण्याच्या लग्नात मंगल कार्यालयातून निघताना त्याने दारात कॉलर झटकली होती. "मांडवमाईन हिरो ली चालनात का?" मांडवातून हिरा नेताय का, असं म्हणून त्याची बायको रंजना चारचौघांत हसली होती. तेव्हा तोही हसला होता.

त्या दिवशी दुपारच्या चहानंतर त्याच्या हाताखालून हिरा उडाला.

हिरा उडतो, त्यात नवल नाही. पकडीतून सटकतो, टिक आवाज होतो, आणि सगळे जागच्या जागी थिजतात. पंखे बंद झाले. सगळे गुडघ्यांवर आले, मऊ कुंच्याने फरशी झाडली, धूळ चाळली, घंटीखाली बॅटरी मारली. घाम नाकावरून फरशीवर पडत होता आणि प्रत्येक थेंब क्षणभर हिऱ्यासारखा चमकून फसवत होता. हिरा सापडला नाही.

मग मॅनेजर परसोतमभाईने योगराजला पार्टिशनमागे नेलं. परसोतमभाई वाईट माणूस नव्हता. सौराष्ट्रातून आलेला, तोही असाच घंटीवर बसून वर चढलेला, आणि आता शेठच्या फोनला घाबरणारा.

"खोटुं ना लगाडता, योगराजभाई," तो म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका. "शर्ट काढो."

योगराजने शर्ट काढला, मग बनियन, मग पँट. केसांतून कंगवा फिरला. कानांत बॅटरीचा उजेड पडला. तोंड उघडून जीभ वर करायला लावली. फरशी थंड होती आणि तो चड्डीवर पाय जवळ घेऊन उभा होता. परसोतमभाई पँटची दुमड बोटांनी चाचपत होता, आणि चाचपता चाचपता खाली मान घालूनच बोलला, "अगाउ पण एक हीरो तमारी साथे घेर गयेलो ने?"

"गया था, साहेब. मैंच वापस लाया था."

"हा, लाव्या'ता." परसोतमभाईने पँट त्याच्या हातात दिली. "पण गयेलो तो खरो ने."

म्हणजे परत आणला हे खरं, पण घरी गेला होता हे जास्त खरं. योगराजला इतकी शरम वाटली, की पँटचा पाय त्याला सापडेना.

"हमणां घेर बेसो. फोन करीश," परसोतमभाई म्हणाला.

दारातून निघताना योगराजने कॉलर झटकली. आज त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं, तरी झटकली.

घरी रंजना साडीवर खडे चिकटवत बसली होती. व्यापाऱ्याची माणसं साड्या टाकून जात, बायका घरोघर खडे लावत. तिच्या बोटांना गोंदाचा पापुद्रा धरला होता. धुडकू दाराशी बिडी ओढत होता.

"काय व्हयनं? लवकर उनात?" रंजनाने विचारलं.

"हिरो उडना. सापडना नही."

"मंग?"

"मंग काय. घर बस, फोन करसू, म्हने."

सुरतेत राहून त्यांच्या घरात हिऱ्याला हिराच म्हणायचं कोणी उरलं नव्हतं. गुजराती माणूस हिऱ्याला हीरो म्हणतो, कारखान्यात दिवसभर हाच शब्द. तो कधी यांच्या अहिराणीत येऊन बसला, कळलंही नाही. सिनेमातल्या हिरोची याद या घरात आता क्वचितच निघे. टीव्ही बिघडला होता, आणि डोळे खड्यांनी शिणलेले असत.

योगराज भिंतीला टेकून बसला. झडती झालेलं अंग अजून आपलं वाटत नव्हतं. तेवढ्यात प्रियांका आली. चौथीतली पोर, गुजराती शाळेत जाणारी, बोलताना तीन भाषांची भेळ करणारी. दप्तर फेकून ती सरळ बापापाशी आली. तिला आज घाई झाली होती.

"पप्पा, सरलाबेननी सांगेल शे, घरना हिरोनी गोष्ट सांगानी. वर्गमा. उद्या मना नंबर."

योगराज ताठ झाला. "कशानी गोष्ट?"

"घरनो हीरो. सगळासले इचारतस बेन, तुमना घरमा कोनता हिरो शे." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी कॉलरवाली सांगसू. तुम्हना कॉलरमा हिरो..."

"गप!"

रंजनाच्या हातातला खडा गळाला. योगराजच्या डोक्यात सगळं धडाधड जुळत गेलं. आज दुपारी हिरा हरवतो, आणि त्याच दिवशी शाळेत पोरांना विचारतात, तुमच्या घरात कोणता हिरा आहे! वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांचे बाप घंटीवरचे. शेठ काय, शाळेतूनही माहिती काढू शकतो. आणि ही पोर उभी राहून सांगणार, माझ्या पप्पांच्या कॉलरमध्ये हिरा निघाला.

"बेनले सांगजो, आमना घरमा हिरो नही."

प्रियांका त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, पप्पा थट्टा करतायत. "पन शे ना, पप्पा," ती लाडात म्हणाली.

त्याने तिचा दंड धरला. इतका जोरात, की त्याची स्वतःची बोटं दुखली. "नही म्हनं ना! हिरो नही आपला घरमा. कोनी बी इचारो, नही सांगानं. काय सांगशी?"

पोरीचं तोंड वाकडं झालं. "हिरो नही."

"बस."

ती उठून आजोबांपाशी गेली. दंडावर बोटांचे वळ उठले होते. धुडकूने बिडी विझवली आणि तिचा दंड आपल्या खरखरीत तळव्यात धरून ठेवला. हिरो म्हणताना बाप दगडाबद्दल बोलत होता आणि लेक बापाबद्दल, हे त्या खोलीत कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. खोलीत बसून फोनकडे बघणं योगराजला सोसेना, तेव्हा रंजनानेच गावाबाहेरच्या एका पटेलाच्या शेतात काम शोधलं. बेण्याचा ऊस तोडायचा आणि पाचट काढायचं. धुडकूही मागे लागून आला. घरात बसून काय करायचं, म्हणाला.

सकाळी उसावर दव होतं. आत शिरलं की शर्ट ओला होई, आणि ओल्या अंगावर पाचटाच्या कडा जास्त चावत. योगराजला वाटलं होतं, बापाचं काम आहे, रक्तात असेल. रक्तात काही नव्हतं. कोयत्याचा घाव तिरका पडे, ऊस चिरफाळे, मुठीला फोड आले आणि दुपारपर्यंत फुटले. वर्षानुवर्षं वाकून मान पुढे आलेली होती, पण ते वाकणं बसून. हे वाकणं उभ्याचं. कमरेत अशी उसण भरली की सरळ होताना तोंडातून आवाज निघे. रंजना त्याच्या पुढे निघून गेली होती. तिच्या ओळीतलं पाचट एकसारखं पडत होतं.

बांधावर बसून धुडकू बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "कोयता असा नही धरतस, भाऊ," तो म्हणाला. "तुना हात हिराना व्हई गया."

"मंग काय करू?" योगराज खेकसला. "तो बी काम नही, हाई बी जमस नही."

धुडकूने उठून पोराच्या हातातला कोयता घेतला, मुठीवर फडकं गुंडाळून परत दिला, आणि पुन्हा बांधावर जाऊन बसला. तिथूनच म्हणाला, "आंडेर बोलस नही तुनासंगे."

लेक बोलत नव्हती, हे योगराजला कळत होतं. एरवी ती त्याच्या ताटाजवळ ताट घेऊन बसायची, आता आजोबांपलीकडे बसे. विचारलं तेवढं उत्तर देई. तिचा नंबर होता त्या दिवशी संध्याकाळी त्याने विचारलं होतं, "सांगं का बेनले?" ती म्हणाली, "सांगं." "काय सांगं?" "हिरो नही." मग ती भिंतीकडे तोंड करून निजली. त्याला वाटलं, चला, एक घोर मिटला. पण मिटल्यासारखं वाटत नव्हतं.

आणि मग एका दुपारी शाळा सुटल्यावर प्रियांका शेतापर्यंत चालत आली. बांधावरूनच म्हणाली, "बेननी तुम्हले बलायेल शे. उद्या. वर्गमा."

योगराजच्या हातातला कोयता थांबला. "काबर?"

"माले माहीत नही," ती म्हणाली आणि रंजनाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. गालावर पाचटाचे ओरखडे होते, हातांना फडकी. शाळेच्या वाटेवर तो मनाशी उत्तरं जुळवत होता. हिरा माझ्याकडे नाही. मागचा मी स्वतः परत नेला. हवं तर घर तपासा. हेच तो पुन्हा पुन्हा घोकत होता, आणि प्रत्येक वेळी त्याचाच आवाज त्याला चोराचा वाटत होता.

वर्गाच्या दारात सरलाबेन उभ्या होत्या. चाळिशी उलटलेली बाई, हाताला खडूची पूड. "आवो, योगराजभाई," म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं आणि मागच्या भिंतीपाशी नेलं. मुलं आपापली गोष्ट वाचण्यात दंग होती, त्यामुळे वर्गात गुणगुण होती. भिंतीवर सुतळी बांधून तिला चिमट्यांनी कागद लावले होते. कागदांवर रंगीत चित्रं. स्टिअरिंगमागे बसलेला कोणाचा तरी मामा. शेगडीवर पोंक, म्हणजे हुरडा, भाजणारी आजी, तिचे हात शरीरापेक्षा मोठे काढलेले. वीज मंडळाच्या खांबावर चढलेला बाप, आणि खाली उभी त्याची मुलं.

सरलाबेन सावकाश गुजरातीत सांगू लागल्या. पुस्तकातली थोर माणसं मुलं पाठ करतात, पण ती त्यांच्या ओळखीची होत नाहीत. म्हणून त्यांनी मुलांना घरची माणसं आणायला सांगितलं. जो आपल्याला हिरो वाटतो, त्याची गोष्ट सांगायची. मग तीच गोष्ट सगळ्यांनी लिहायची, तिच्यावरच प्रश्न काढायचे. पोंकवाल्या आजीवरून वर्ग वजनमाप शिकला. मामाच्या ट्रकवरून नकाशा. कधी तोंड न उघडणारी मुलं त्यामुळे बोलायला लागली.

योगराज ऐकत होता आणि त्याला काही समजत नव्हतं. मग सरलाबेननी सुतळीच्या टोकाचा एक कागद दाखवला. कोरा. वर फक्त नाव, प्रियांका योगराज.

"तुमची मुलगी आदल्या दिवशी मला म्हणाली होती, मी पप्पांची सांगणार, कॉलरवाली. नंबर येईल तेव्हा येईल, तिला दम नव्हता. दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, अमारे घेर हीरो नथी." सरलाबेननी तो कागद सरळ केला. "एवढंच बोलून खाली बसली. तेव्हापासून वर्गात तोंड उघडत नाही. घरी काही झालं का, भाई? मला विचारायचा हक्क नाही, पण मला राहवलं नाही."

योगराजने पुन्हा भिंतीकडे बघितलं. मामा, आजी, खांबावरचा बाप. सगळी माणसं. एकाही कागदावर हिरा नव्हता.

"बेन," त्याने विचारलं, "हीरो मतलब... माणूस?"

"माणसज ने," सरलाबेन म्हणाल्या. "पिक्चरमां होय ने, एवो. बीजुं शुं?"

त्याला हसू आल्यासारखं झालं, पण हसू झालंच नाही. पन शे ना, पप्पा. गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, आणि आपण तिचा दंड धरला. चार भिंतींच्या आत ती आपल्याला काय म्हणत होती, आणि आपण तिच्याकडून काय वदवून घेतलं! त्याला मनापासून वाईट वाटलं, इतकं, की झडतीच्या वेळीही वाटलं नव्हतं.

त्याने सरलाबेनना सांगितलं, तुटक तुटक. हिरा उडाल्याचं, झडतीचं, घरी बसवल्याचं. त्या ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "मग ती गोष्ट राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "या वर्गात कोणाची पोरं आहेत, तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल."

ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत परसोतमभाईच्या कानावर जाणार. तो म्हणणार, बघा, यांची पोरच सांगते, हीरो घेर गयेलो. खिशातला फोन मांडीला लागत होता. आज ना उद्या तो वाजेल आणि घंटीवरची जागा परत मिळेल, या आशेवर त्याने फोड आलेल्या हातांनी दिवस काढले होते. ही गोष्ट वर्गात सांगून झाली, की तो कदाचित वाजणारच नाही.

पुढच्या बाकावर प्रियांका बसली होती. तिने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. तिची मान पुस्तकावर वाकलेली होती, त्याची घंटीवर वाकते तशी.

"प्रियांका," त्याने हाक मारली. सगळा वर्ग वळला. "सांग."

"काय सांगू?"

"कॉलरवाली. शे आपला घरमा. सांग."

ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि आधी इतक्या हळू बोलली की सरलाबेनना "मोटेथी, बेटा," म्हणावं लागलं.

ती बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. मम्मी शर्ट धूत होती आणि कॉलरच्या घडीत काहीतरी चमकलं. पप्पा जेवायला बसले होते, ते ताटावरून उठले. ती रडायला लागली म्हणून पप्पांनी तिला खांद्यावर घेतलं आणि भर उन्हात कारखान्याकडे चालत निघाले. एक मूठ त्यांनी गच्च मिटली होती, त्या हाताने ते तिला धरत नव्हते. पडू नये म्हणून तिने त्यांचे केस धरले होते. कारखान्यात एका काकांनी हिरा पुडीत टाकला आणि सांगितलं, जाताना कॉलर झटकत जा. मग ते परत घरी आले.

"पछी? इनाम शुं आप्युं?" एका पोराने विचारलं.

"कंई नहीं."

"तो हीरो केवी रीते?" मग हिरो कसे झाले?

प्रियांकाने बापाकडे बघितलं. "बहु बीता'ता," ती म्हणाली. खूप घाबरले होते. "हुं खभा पर हती ने, मने खबर पडती हती. तोय गया." मी खांद्यावर होते, मला कळत होतं. तरी गेले.

योगराजने भिंतीला हात टेकला. त्या दुपारी आपण घाबरलो होतो, हे त्याने रंजनालाही सांगितलं नव्हतं.

शाळा सुटली तेव्हा प्रियांकाचा कागद कोरा राहिलेला नव्हता. त्यावर एक उंच माणूस होता, त्याच्या खांद्यावर एक पोर, आणि माणसाची एक मूठ काळी, गच्च भरलेली. सरलाबेननी तो सुतळीला लावला. बाहेर मुलांची झुंबड फाटकाकडे पळत होती, आणि ऐकलेलं घरी नेत होती. योगराजने प्रियांकाचं दप्तर घेतलं. तिने चालता चालता त्याच्या हाताचं फडकं धरलं, फोड दुखू नयेत अशा बेताने.

फाटकाशी आल्यावर तो थांबला. काही मनात नव्हतं, पण हात आपोआप वर गेले. त्याने कॉलर धरली आणि झटकली.

प्रियांकाने वर बघितलं. मग तीही थांबली. गणवेशाची कॉलर दोन्ही हातांनी धरून तिने अगदी त्याच्यासारखी झटकली आणि तो काय म्हणतो म्हणून पाहू लागली.

"तू नको," योगराज म्हणाला. त्याने दप्तर खाली ठेवलं आणि तिच्या मुठी सोडवल्या. "तू नको झटकू, बेटा."

"का, पप्पा?"

फडकं बांधलेल्या बोटांनी त्याने तिची कॉलर सरळ केली, दोन्ही बाजूंनी नीट बसवली, आणि मग ते फाटकाबाहेर पडले.